बिनविस्तवाचा डिसेंबर

शनिवार, ता. १ डिसेंबर १८९४

शाळेच्या जुन्या हजेरीबुकात कोरी पाने उरली होती. ती रोजनिशीस घेतली.

वय चौसष्ट. दात एकोणीस. गुडघे दोन, पैकी एक चांगला.

कारण लिहून ठेवतो. गेल्या महिन्यात नदीवरून येताना वाटेत बसलो. पडलो नाही, बसलो. पोपटने ते पाहिले आणि सहदेवला मुंबईस पत्र घातले की मास्तर पडले. पोपटला अक्षरे मीच शिकवली होती.

सहदेव माझा मुलगा. रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहे. त्याचे उत्तर आले. नाताळात रजा मिळाली तर कळंबला येतो, तुमचे हातपाय धड दिसले तर ठीक, नाहीतर घराला कुलूप लावून तुम्हाला बरोबर नेतो. चाळीत जिन्याखाली एका माणसाची जागा आहे.

जिन्याखाली.

मी हे घर सोडणार नाही. नाताळास चोवीस दिवस आहेत. चोवीस दिवसांत मी इन्स्पेक्टरपुढे अख्खी शाळा तयार करून उभी केलेली आहे. हे तर एकच शरीर.

रविवार, ता. २

गेल्या साली कर्जतच्या बाजारातून एक पुस्तक आणले होते. 'वृद्धांचे शीत-आरोग्य'. आज उघडले. वाळवीने पहिली आठ पाने खाल्ली आहेत, पण मुद्दा नवव्या पानापासून आहे.

मुद्दा असा. म्हाताऱ्या शरीराचा शत्रू उष्णता. शिजवलेले अन्न पोटात गेल्यावर दुसऱ्यांदा शिजते व माणूस आतून करपतो. सबब चूल बंद. भिजवलेले मूग, काकडी, केळे, दुधातले पोहे. अंगाला व डोक्याला तेल नाही. वस्तरा नाही. बाज नाही, जमिनीवर घोंगडी. पहाटे वाहत्या पाण्यात डोक्यावरून स्नान.

एक्सरसाइज म्हणून बैठका. उद्या पंचवीस, मग रोज पाच वाढवायच्या. नाताळच्या दिवशी एकशे पस्तीस होतात. बेरीज दोनदा पडताळली.

टाइमटेबल लिहून भिंतीला लावले.

सोमवार, ता. ३

चूल विझवली. राख पुन्हा पेट घेईल म्हणून तांब्याभर पाणी ओतले. अंबाबाई, माझी बायको, या घरात सून म्हणून आल्यापासून हा विस्तव कधी विझला नव्हता. रात्री राखेखाली निखारे झाकायचे, सकाळी फुंकायचे. ती गेल्यावर तीन वर्षे मी तेच केले. सवय म्हणून. आज सवय मोडली.

शेजारची येसूबाई रोज सकाळी खापरी घेऊन विस्तव मागायला येते. तिच्या घरी काडेपेटी आहे. म्हणते, शेजारी विस्तव असताना काडी कशाला मोडू. मग अर्धा तास दारात उभी राहून बोलते. बुधाजीचा दमा, इंदूचे लग्न, म्हशीची धार. बुधाजी म्हणजे तिचा नवरा, माझा चुलतभाऊ. इंदू त्यांची मुलगी.

ती येण्याआधी बैठका सुरू केल्या. बाराव्या बैठकीला खाली गेलो, वर येणे जमेना. तेवढ्यात पोस्टाचा चांगो आला. सहदेवचे पत्र. रजा मंजूर, पंचवीस तारखेला येतो, कपडे बांधून ठेवा. कपडे बांधून ठेवा, हे वाचले आणि उकिडवा होतो तो जमिनीवरच बसलो. चांगोने काखेत हात घालून मला भिंतीला टेकवले.

येसूबाई दारात खापरी घेऊन उभी. पत्राकडे पाहिले, चुलीतल्या पाण्याकडे पाहिले. विचारले, मास्तर, मुंबईचं हाय का? मान हलवली. सहदेवचं? मान हलवली. दम लागला होता, बोलता येईना. तिने खापरी दाराशी ठेवली आणि तशीच माघारी गेली. विस्तव मागितला नाही. खापरी विसरली.

रोजचा अर्धा तास वाचला.

मंगळवार, ता. ४

स्नान झाले. पाणी फार थंड. बैठका ठरलेल्या तीस, झालेल्या नऊ. मूग नीट भिजले नाहीत. एका दाताचे काही खरे नाही.

येसूबाई आली नाही. वाचलेल्या अर्ध्या तासात ओटीवर बसलो.

बुधवार, ता. ५

सर्दी, खोकला, पोटात कळा. पुस्तकात आहे, विकार बाहेर पडताना असेच होते. म्हणजे योग्य चालले आहे.

नदीवर बायकांनी मला पाहून बोलणे थांबवले. पोपटने माझ्या हातातली कळशी घेतली आणि घरापर्यंत आणून दिली. एक शब्द बोलला नाही. बडबड्या मुलगा, शाळेत याच्यासाठी मला छडी झिजवावी लागली. डिसिप्लिनचा असा परिणाम होतो. एक माणूस नियमाने वागू लागला की सबंध गाव वागते.

गुरुवार, ता. ६

अकरा वाजता येसूबाईने ओटीवर भाकर आणि आमटी आणून ठेवली. वर पळसाचे पान. मी पथ्यावर आहे हे तिला कसे कळले, न कळे. पण कळले आहे. आमटीला फोडणी नव्हती, हळद नव्हती.

परत पाठवणे बरे दिसले नसते. खाल्ली. अपवाद एक.

शुक्रवार, ता. ७

आज पलीकडच्या घरातून आले. भात, वालाचे बिरडे, तेही बिनफोडणीचे. आळीने आपसात पाळ्या लावून घेतल्या आहेत असे दिसते. अपवाद दोन.

संध्याकाळी चार माणसे येऊन ओटीवर बसली. कोणी बोलले नाही, कोणी काही विचारले नाही. मी शीत-आरोग्याबद्दल चार शब्द सांगणार होतो. पण ती शांतता मोडवेना. बत्तीस वर्षे शाळा केली, इतकी शांतता मला एक दिवस मिळाली नव्हती.

शनिवार, ता. ८

ओटीवर सात माणसे. बैठका चार. जेवणावर बैठका करणे घातक, आणि आता जेवण अनिश्चित वेळी येते.

दाढी वाढली. केस रुक्ष झाले. घोंगडीवर झोपून पाठ आखडली. गळ्याखालची हाडे मात्र कमी दिसतात. शीत-आहाराचा गुण.

सोमवार, ता. १०

बुधवारी इंदूची सुपारी फुटायची होती. मुलगा खालापूरकडचा, दोन बैलजोड्या, मनाने बरा. ती पुढे ढकलली असे ऐकले. कारण कोणी मला सांगितले नाही. मला विचारले असते तर मी म्हटले असते, ठरलेले काम लांबवू नये.

बैठका नाहीत. थंडी.

बुधवार, ता. १२

दुपारी पोपट जेवण घेऊन आला. त्याच्या घरची पाळी होती. मी जेवत असताना समोर बसला आणि रडू लागला. म्हणाला, मास्तर, डोहात मी बुडत होतो तवा सहदेवनं मला केसाला धरून भायेर काढला. आन त्याच्या टायमाला त्याच्यापाशी कुणीच नव्हतं.

मला समजले.

चूल विझलेली, चुलीत पाणी, हातात मुंबईचे पत्र. पहाटे नदीवर स्नान, दाढी नाही, तेल नाही, जमिनीवर झोप. मेलेल्या माणसाच्या घरात जे जे करतात ते मी सगळे केले होते. पुस्तकाबरहुकूम.

समजले तेव्हा घास तोंडात होता. मोठा होता. तो गिळेपर्यंत पोपट डोळे पुसत निघून गेला.

उद्या सांगेन.

गुरुवार, ता. १३

आज सांगणार होतो. गौराबाईने घावन आणले होते. तिच्या घरी स्वतःला पुरत नाही. खाऊन झाल्यावर सांगणे म्हणजे तिचा अपमान, आणि खाण्याआधी सांगायला ती थांबली नाही.

शिवाय मी कोणालाही काही खोटे सांगितलेले नाही. ज्याने खोटे सांगितले नाही त्याने खरे सांगायला जायची काय गरज?

संध्याकाळी नऊ माणसे.

शुक्रवार, ता. १४

बुधाजी आला. धापा टाकीत बसला. म्हणाला, मास्तर, इचारू नये, पर दहावा कदी धरायचा? भावकीला सुतक हाय, किती दिस पाळायचं त्ये तरी कळंल. मी म्हटले, नाताळापर्यंत सगळे कळेल. हे अक्षरशः खरे आहे.

तो म्हणाला, मास्तर, तुमी धीराचे. मी म्हटले, सवयीने होते.

रविवार, ता. १६

उपाय सापडला. सहदेवला पत्र लिहिले. प्रकृती उत्तम, बैठका शंभरापर्यंत गेल्या आहेत, येण्याचे कारण नाही, रजा वाया घालवू नये. तो आला नाही म्हणजे येथे कोणाला काही सांगावे लागणार नाही. पुढे सावकाश, शिमग्यापर्यंत, एकेकाला समजावता येईल.

सोमवार, ता. १७

पत्र चांगोजवळ देता येत नाही. तो पत्ता वाचतो. मेलेल्या माणसाच्या नावाचे पत्र तो कसे घेईल?

नेरळला स्वतः जाऊन टाकायला हवे. तीन कोस. चांगल्या प्रकृतीचा माणूस दुपारपर्यंत पोहोचतो. पंधरा दिवसांच्या तयारीची टेस्ट आपोआप होईल. उद्या पहाटे.

मंगळवार, ता. १८

निघालो. आजपर्यंत बैठका केल्या त्याचा फायदा पहिला पाव कोस जाणवला.

अर्ध्या कोसावर ओढा आहे. तेथे बसलो. पडलो नाही. ऊन वर येईपर्यंत बसलो. मग पेंढ्याची गाडी घेऊन पोपट आला. विचारले, मास्तर, कुटं निघालात? म्हटले, फिरायला. त्याने ओढ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. म्हणाला, येकटं पान्याकडं येत जाऊ नका. आमी हाव ना.

गाडीत पेंढ्यावर घालून आणले. आळीतून जाताना लोक दारात उभे राहिले.

पत्र पुस्तकात ठेवले आहे. पान बावीस, 'पायी चालण्याचे फायदे'.

बुधवार, ता. १९

आता पहाटे स्नानाला माझ्याबरोबर कोणी ना कोणी येते. पाण्यात उतरलो की काठावर उभा राहून तो माझ्यावर नजर ठेवतो. मी बुडून घेईन अशी त्यांना भीती आहे. थंडीत त्यांचेही हाल. त्यांच्यासाठी स्नान बंद केले.

गुरुवार, ता. २०

खालापूरकडून निरोप आला. सोयरीक मोडली. बोलणी सुरू होताच मुलीच्या भावकीत तरुण माणूस गेला, लक्षण बरे नाही, त्यांनी दुसरीकडे शब्द दिला.

मधली भिंत कुडाची आहे. येसूबाईचे रडणे ऐकू येत होते. इंदूचे येत नव्हते.

अकरा वाजता येसूबाईने आमटी आणून ठेवली. मीठ घालायचे राहिले होते. मागितले नाही.

ती उंबऱ्यापाशी थांबली. म्हणाली, मास्तर, तुमच्यावर पडलाय त्याच्यापुडं आमचं काय. मी तोंड उघडले होते. तिला ते दिसले नाही. अंधार होता, ओटी पूर्वेला आहे, अकरानंतर ऊन सरते.

शनिवार, ता. २२

आज नक्की सांगणार होतो. ओटीवर अकरा माणसे. अकरा जणांना एकदम कसे सांगावे? एकेकट्याला सांगणे सोपे. पण एकेकटा कोणी येत नाही.

अंबाबाई गेल्यावर तेरा दिवस माणसे येत होती. त्यानंतर या ओटीवर येसूबाईशिवाय कोणी उभे राहिले नव्हते. ही केवळ नोंद.

सोमवार, ता. २४

ठरले. उद्या नेरळ स्टेशनावर जाऊन सहदेवला गाडीतून उतरताच गाठायचे, हातपाय दाखवायचे आणि परस्पर परत पाठवायचे. कोणाला काही कळणार नाही. त्यासाठी पोपटची गाडी हवी. पोपटला काय सांगायचे, हा एक प्रश्न राहिला.

तो सुटल्यावर निघेन.

मंगळवार, ता. २५

सुटला नाही.

सहदेव दहाच्या सुमारास आला. मी ओटीवर होतो, पुढचे मागाहून ऐकले, पाहिले नाही. नदीवर गौराबाईने त्याला पाहिले आणि कळशी खाली ठेवून तेथेच बसली. बुधाजी काठी घेऊन पुढे झाला, म्हणाला, तितंच थांब, पायातलं काड. सहदेवला काही कळेना. त्याने बूट काढले. पावले सरळ आहेत, उलटी नाहीत, हे पाहून मग बुधाजीने हात लावून बघितला. पोपटने त्याला मिठी मारली ती बराच वेळ सोडली नाही.

मग सगळे मिळून आले. सहदेव ओटीवर चढला. बाकीचे अंगणात उभे राहिले. कोणी बसले नाही.

सहदेव आत गेला. चुलीत मांजर झोपले होते. भिंतीशी लोकांची भांडी, नऊ घरची. तो बाहेर आला. त्याने विचारले, आबा, यांना मी मेलो म्हणून कोणी सांगितलं? म्हटले, कोणी नाही. त्याने विचारले, तुम्हाला हे कधी कळलं?

तारीख विचारली की मला खोटे सांगता येत नाही. हजेरीची सवय. म्हटले, बारा तारखेला.

येसूबाई पुढे आली. हळू बोलली, मला कान पुढे करावा लागला. म्हणाली, बारा तारखेला बुदवार होता. त्या दिशी सांगितलं असतात तर माझ्या इंदीची सुपारी संध्याकाळी फुटली असती.

ती आत गेली, नऊ भांड्यांतले आपले ओळखून उचलले आणि घरी गेली. बाकीच्यांनीही उचलली.

सहदेव पोपटकडे जेवला.

बुधवार, ता. २६

चार दिवसांची रजा होती, पण सहदेव आज गेला. निघण्याआधी येसूबाईच्या अंगणात हात जोडून उभा राहिला. तिने त्याला पाणी दिले.

माझे हातपाय त्याने पाहिले नाहीत. बैठका दाखवू का म्हणून विचारले. तो भिंतीवरचे टाइमटेबल वाचत होता. म्हणाला, तुम्ही इथंच राहा, आबा. पुन्हा म्हणाला, इथंच राहा.

म्हणजे मी पास झालो. घराला कुलूप नाही. जिना नाही.

गुरुवार, ता. २७

अकरा वाजले. बारा वाजले. कोणी आले नाही. मूग संपले आहेत. पोहे होते, त्यांना टोके झाले.

ओटीवर कोणी नाही. शांतता तीच.

शुक्रवार, ता. २८

पुस्तकाचा पुनर्विचार केला. वाळवीने खाल्लेल्या आठ पानांत अपवाद दिलेले असावेत. थंडीत थोडा विस्तव क्षम्य.

काडेपेटी दमट, काड्या पेटेनात. येसूबाईची खापरी महिनाभर दाराशी पडून होती. ती घेऊन तिच्या दारी गेलो. तिच्या छपरातून धूर निघत होता.

इंदू दारात आली. म्हणाली, आई सांगते, आमची चूल आजून पेटली नाय.

दोघांनीही वर धुराकडे पाहिले नाही. तिने माझ्या हातातली खापरी घेतली. म्हणाली, ही आमची हाय.

रविवार, ता. ३०

काड्या दोन दिवस उन्हात वाळवल्या. सतरावी पेटली. भात केला, खाली लागला. वरचा खाल्ला.

झोपण्याआधी निखारे राखेखाली झाकले. अंबाबाई झाकायची तसे, कडेने जाड, मध्ये पातळ. बऱ्याच दिवसांनी हात शेकले.

उद्यापासून नवे टाइमटेबल. चूल चालू. सकाळी लवकर दार उघडे ठेवणे. विस्तव मागायला कोणी आले तर भरपूर देणे, घाई न करणे, बुधाजीच्या दम्याची चौकशी आपणहून करणे. बैठका पाच.

सोमवार, ता. ३१

निखारे टिकले. फुंकून लाल केले. दार उघडले. चुलीपुढे, दारातून दिसेल असा बसलो.

सात. आठ. बाहेर खापरी वाजली. येसूबाई दारावरून पलीकडच्या घरी गेली. परत आली तेव्हा खापरीत विस्तव होता. वाऱ्याने विझू नये म्हणून पदर आडवा धरला होता.

नऊपर्यंत एकेक काटकी घालीत राहिलो. मग काटक्या संपल्या.

बैठका नाहीत.

दुपारी मांजर परत चुलीत येऊन झोपले.